ड्रायव्हर नाही म्हणून

बारामतीत मला ‘जुन्या विंडोजवाली बाई’ म्हणतात. नाव दिपाली आहे, पण ते वापरायची वेळ फारशी कुणावर येत नाही. एमआयडीसीत एखाद्या कारखान्यातलं वीस वर्षांपूर्वीचं मशीन रुसलं, की नव्या दुकानांतली पोरं लोकांना माझ्याकडे पाठवतात. त्यांचं म्हणणं एकच, हे टाकून द्या आणि नवीन घ्या. मी तसं कधी म्हणत नाही. आठ वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर मी माझ्या पायांनी सोडलं, तरी माझ्या गावात मला ‘टाकलेली’च म्हणतात. त्यामुळे टाकून द्या हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

जानेवारीत कळसहून जोतीराम मारकडांचा फोन आला. कळसला त्यांचा छोटा छापखाना आहे. आसपासच्या गावांतल्या लग्नांच्या, बारशांच्या, दशक्रियेच्या पत्रिका तिथंच छापल्या जातात आणि त्यांना सगळे तात्या म्हणतात.

“बोर्ड जळलाय म्हनं माझ्या कॉम्प्युटरचा,” तात्या म्हणाले. “तेवढा बदला. पण ताई, आतलं काय बदलायचं न्हाय. जुनीच विंडोज, जुनंच सॉफ्टवेअर. मला तेवढंच येतं.”

“किती घाई आहे?”

“लई घाई हाय.”

सगळेच असं म्हणतात. पण तात्यांनी ते इतक्या हळू आवाजात म्हटलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी मी भंगारातून जपून ठेवलेला एक बोर्ड पिशवीत घातला आणि स्कूटर कळसच्या रस्त्याला लावली. दोन्ही बाजूंना ऊस होता, काही ठिकाणी तोडणी चाललेली होती आणि रस्त्यावर पाचट पडलेलं होतं.

छापखाना म्हणजे रस्त्याला लागून एक खोली. शेजारी पिठाची गिरणी, मागं तात्यांचं घर. भिंतींवर तीस वर्षांच्या पत्रिका चिकटवलेल्या, लाल, पिवळ्या, सोनेरी. तात्या साठी ओलांडलेले, उंच, टोपी नीट घातलेली आणि चष्म्याला दोरी. मी माझं कार्ड दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं.

“दुरुस्ती,” ते म्हणाले. “तुमच्या कार्डावर रु दीर्घ पडलाय. ऱ्हस्व पायजे.”

“तात्या, मशीन उघडू का आधी व्याकरण शिकू?”

“मशीन उघडा. पण पुढच्या बारीला कार्ड माझ्याकडनं छापून घ्या.”

तोंडानं ‘न्हाय’ म्हणणारा हा माणूस कागदावर एक वेलांटी इकडची तिकडे होऊ देत नव्हता. मला तो आवडला.

जळका बोर्ड काढून मी माझा बसवला. त्यांच्या हार्ड डिस्कचे दोन भाग होते. एकात विंडोज, दुसऱ्यात आजवरच्या सगळ्या पत्रिका. पहिला भाग पुसून त्यावर तीच जुनी विंडोज, एक्सपी, नव्यानं घालायची आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही, एवढंच काम. सीडी घातली, निळा पडदा आला, खाली पांढरी अक्षरं पळाली आणि मग ओळ उमटली. या संगणकात एकही हार्ड डिस्क सापडली नाही.

तात्या माझ्या खांद्यावरून वाचत होते. इंग्रजी त्यांना तेवढं कळत होतं.

“म्हंजे पत्रिका गेल्या?”

मी मागं वळून पाहिलं, तर ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

“काही गेलं नाही. डिस्क जागेवर आहे, चांगली आहे. ही विंडोज वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची. हा बोर्ड तिच्या नंतरचा. या बोर्डावरून डिस्कशी बोलायचं कसं ते तिला ठाऊक नाही. मग ती म्हणते, डिस्कच नाही.”

“समोर असून न्हाय म्हनती?”

“हो. तिला ड्रायव्हर लागेल.”

“प्रिंटरला घालतो तसाच का?”

“तसाच. फक्त हा अगोदर घालायचा असतो.”

तात्यांनी मान डोलावली आणि टोपी सारखी केली. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण ड्रायव्हर म्हणजे काय हे त्यांना नीट कळलेलं होतं.

अडचण पुढंच होती. सेटअपच्या सुरुवातीला चार-पाच सेकंद खाली एक ओळ येते, वेगळा ड्रायव्हर घालायचा असेल तर एफ सहा दाबा. मी दाबलं. थोड्या वेळानं सेटअपनं सांगितलं, फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये घाला. आता फ्लॉपी कुठून आणायची? या बोर्डावर तिची वायर लावायला जागासुद्धा नव्हती. पेन ड्राइव्ह तर त्याच्या गावीही नव्हता. तो आपला ए ड्राइव्ह, ए ड्राइव्ह करत बसला. बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्क जुन्या पद्धतीनं दाखवता येते का पाहिलं. बहुतेक बोर्डांत ती सोय असते, यात नव्हती. मी त्या बोर्डाला एक शिवी दिली. तात्यांनी ऐकली नाही असं दाखवलं.

मग एकच वाट उरली. सीडीतलं सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवायचं, त्याच्या पोटात हा ड्रायव्हर घालायचा आणि नवी सीडी करायची. तशी एक तयार सीडी माझ्याकडे होती, पण ती मीच महिन्यापूर्वी एका कारखान्यातल्या मशीनमध्ये विसरले होते. लॅपटॉपला सीडीचं तोंड नाही. तात्यांच्या कॉम्प्युटरच्या पेटीतला सीडी रायटर उपटून काढला, माझ्या पिशवीतल्या केबलनं लॅपटॉपला जोडला. कोऱ्या सीड्या तात्यांकडे डबाभर होत्या.

सीडी उतरायला लागली. तिला वेळ लागणार होता. तात्यांनी चहा आणला आणि समोरच्या स्टुलावर बसले.

“एवढी घाई कुणाच्या पत्रिकेची?” मी विचारलं.

बाहेरून एक गाडी गेली, त्यांनी कान दिला आणि मग मान हलवली.

“स्वप्नालीची. माझी पुतणी. फेब्रुवारीत लगीन हाय. बस्ता झाला असं ऐकलंय, म्हंजे आता पत्रिकाच. त्यांनी दुसरीकडं द्यायच्या आत मला करून न्यायचीय. दारात जाऊन हातात द्यायची.”

“त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?”

“म्हस्कू माझ्याशी बोलत न्हाय. नऊ वर्सं झाली.”

म्हस्कू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. इंदापूर तालुक्यातल्या गावांतून दूध गोळा करून बारामतीच्या एमआयडीसीतल्या डेअरीत नेतो आणि तिथंच मागं घर करून राहतो. रोज सकाळी रिकामा टँकर छापखान्यावरून इकडे येतो आणि दुपारी भरून परत जातो. तात्या आवाजावरून तो ओळखतात. नऊ वर्षांत तो एकदाही थांबलेला नाही.

“पैल्या पोरीच्या लग्नाची पत्रिका म्याच केली व्हती,” तात्या म्हणाले. “घाईत एक जुनी फाइल घेतली आन् नावं बदलली. त्या जुन्या पत्रिकेत पोरीचा बाप वारलेला व्हता. तितलं ‘कै.’ तसंच ऱ्हायलं.”

मला कळायला एक क्षण लागला. कै. म्हस्कू सोनबा मारकड यांची ज्येष्ठ कन्या. जिवंत बाप पत्रिकेत कैलासवासी झाला होता.

“आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?”

“पत्रिका कोण वाचतंय? तारीख बघत्यात, कार्यालय बघत्यात. पाच गावांत वाटून झाल्या. मग म्हस्कूची सासू आली रडत, छाती बडवत. दार उघडलं म्हस्कूनंच.”

मी हसले. हसू आवरेचना. तात्या हसले नाहीत, म्हणून मी गप्प बसले.

“त्यो मला म्हनला, तू मला मारलंस, आता मी मेलो असंच धर. म्या म्हनलं राग हाय, जाईल. गेला न्हाय. पाच वर्सांमागं माझी बायको गेली, तवा मातीला आला. लांब उभा ऱ्हायला. पाणी पाजलं आन् गेला.”

उठून त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. आत तीच पत्रिका होती, पण कच्च्या कागदावर, तपासायला काढलेली. ‘कै.’ तिथंही होतं, आणि खाली निळ्या पेनानं लिहिलेलं होतं, ओके. त्याखाली म्हस्कूची सही.

“म्हणजे चूक त्यांनीही पाहिली नाही!” मी जवळजवळ ओरडलेच. “हे दाखवलं का त्यांना?”

“दाखवून काय करू? मी बरोबर ठरंन. भाऊ येईल व्हय त्यानं?”

त्यांनी फाइल परत ठेवली. मला त्यांचा राग आला. इतका मोठा पुरावा कपाटात ठेवून नऊ वर्षं भावावाचून काढायची, याला काय म्हणायचं? पण त्याहून जास्त, खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला. त्यांच्याकडे निदान भांडण तरी होतं. माझा थोरला भाऊ शंभूराज सुप्याला आहे. आमच्या घरी वडलांपर्यंत मेंढरं होती, आता तो शेती आणि कोंबड्या बघतो. आमचं कधी भांडण झालं नाही. मी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा तो म्हणाला, तुझं तुला कळतं. दिवाळीला त्याच्याकडून मोबाइलवर शुभ सकाळचा एक फोटो येतो, फुलांचा. भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

सीडी उतरून झाली. आता ड्रायव्हरची फाइल हवी होती, म्हणजे नेट हवं होतं, आणि खोलीत मोबाइलला एक काडीसुद्धा दिसत नव्हती.

“माळवदावर जा,” तात्या म्हणाले. “तितं मिळतंय.”

जिना घराच्या मागून होता. वर वाळत घातलेली ज्वारी आणि एक मोडकी खुर्ची. फाइल छोटीच, पण ती मुंगीच्या पावलानं येत होती. मी कठड्याला टेकून बसले. खाली परसात तात्या आले. मी वर आहे हे त्यांना माहीत होतं, पण एवढं ऐकू येईल असं बहुधा वाटलं नसावं. त्यांच्या हातात फोन होता. दोनदा त्यांनी तो कानाला लावला आणि दोनदा खाली घेतला. तिसऱ्यांदा लावला तो तसाच धरून ठेवला.

“म्हस्कू,” ते म्हणाले. “मी... व्हय, मीच.”

पलीकडून काय आलं कळलं नाही.

“ड्रायव्हर न्हाय रं. हितं ड्रायव्हर न्हाय म्हणून समदं अडून बसलंय.”

पुन्हा पलीकडून काहीतरी, मोठ्या आवाजात. तात्यांनी फोन बंद केला आणि हातात धरून तसेच उभे राहिले.

मला सगळं समजलं आणि समजल्यावर हसावं की काय करावं ते समजेना. टँकरवरच्या ड्रायव्हरला फोन करून ड्रायव्हर नाही म्हणून सांगायचं! शब्द खोटा नव्हता, एक अक्षरसुद्धा खोटं नव्हतं. पण ऐकणारा काय समजेल हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं. नऊ वर्षं सापडत नव्हतं ते निमित्त माझ्या एका शब्दात सापडलं होतं.

मी खाली आले. तात्या दुसरा चहा करत होते आणि साखर ओट्यावर सांडली होती.

“मिळाला का ड्रायव्हर?” त्यांनी विचारलं.

“माझा मिळाला,” मी म्हटलं. “तुमचा?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदम लहान पोरासारखे लाजले. “येतो का न्हाय कुणास ठाव,” ते म्हणाले.

मी ड्रायव्हर सीडीच्या पोटात घातला आणि नवी सीडी लिहायला लावली. पहिली निम्म्यात बिघडली. दुसरी लावली. तात्या दारात जाऊन उभे राहिले, परत आले, स्टुलावर बसले, पुन्हा दारात गेले. रस्त्यानं मोटारसायकली गेल्या. उसाची एक ट्रॉली गेली. प्रत्येक आवाजाला ते मान वर करत आणि खाली घालत. अर्धा तास झाला. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी लॅपटॉपकडे बघत बसले.

मग त्यांची मान वर झाली ती तशीच राहिली. टँकरचा आवाज मोठा होत गेला आणि पहिल्यांदाच तो कमी न होता बंद झाला.

दारात एक जाड, काळासावळा माणूस आला. शर्ट घामानं भिजलेला, पायांत चप्पल एकच, दुसरी बहुधा टँकरमध्येच राहिली होती.

“कुणाला न्यायचंय?” त्यानं विचारलं. “कुठं जायचंय? दवाखान्यात का?” मग त्याला तात्या दिसले, उभे, धडधाकट, टोपी घातलेले. “तुला काय झालंय?”

“मला काय न्हाय.”

“मग ड्रायव्हर कशाला?”

तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. “कॉम्प्युटरला.”

म्हस्कूनं माझ्याकडे पाहिलं, उघड्या पेटीकडे पाहिलं, लोंबणाऱ्या वायरींकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला.

“लाज वाटती का? गाडीत दूध हाय! दोन गावं सोडून आलोय. तिकडं माणसं कॅन घेऊन उभी हायती. म्या म्हनलं ह्यो पडला बिडला, एकटा माणूस, कोण बघंल...” त्याचा आवाज फाटला आणि तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

“आलास तर बस,” तात्या म्हणाले.

तो बसला नाही. पण गेलाही नाही.

“स्वप्नालीची पत्रिका करायची व्हती,” तात्या म्हणाले. “म्हणून ह्ये समदं.”

“पत्रिका दिली दुसरीकडं. बारामतीत.”

तात्यांनी टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली. त्या वेळी मला खरंच रडू आलं. कुणासाठी एवढा खटाटोप, आणि कामच संपलेलं. मी लॅपटॉपकडे तोंड फिरवलं.

म्हस्कूनं खिशातून मोबाइल काढला. तो बराच वेळ काहीतरी शोधत होता.

“छापली न्हाय अजून,” तो म्हणाला. “त्या पोरानं हितं पाठवलीय, बघून ओके द्या म्हणून. चार दिस झालं, रोज फोन करतोय. मला ओके द्यायला धीर हुईना.” तो थांबला. “मागल्या बारीला म्या वाचलीच नव्हती, दादा. गाडीची घाई व्हती. नुसतं ओके लिव्हलं.”

हे बोलायला त्याला नऊ वर्षं लागली होती. तात्यांनी कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आण हिकडं,” ते म्हणाले.

त्यांनी मोबाइल घेतला, चष्मा लावला आणि दारातल्या उजेडात जाऊन उभे राहिले. एकेका ओळीवर बोट ठेवून ते वाचत होते. म्हस्कू त्यांच्या खांद्याशी येऊन उभा राहिला. मीही उठून मागं गेले, मला राहवलं नाही. गणपती, कुलदैवत, वधू, वर, मुहूर्त. वधूच्या बापाच्या नावामागं श्री. होतं. आणि खाली ‘आपले विनीत’मध्ये सगळ्यांत वर, थोरल्याच्या मानानं, तात्यांचं नाव होतं. श्री. ज्योतीराम सोनबा मारकड.

ज्योतीराम, जोतीराम नाही. ज्याला माझ्या कार्डावरचा रु खुपला, त्या माणसाचं स्वतःचं नाव चुकलं होतं. तात्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. बोट पुढं सरकलं, शेवटपर्यंत गेलं, परत पहिल्या ओळीवर आलं आणि पुन्हा सगळं वाचून काढलं.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “दे ओके.”

म्हस्कूनं रस्त्यावर उतरून, काडी दिसल्यावर, दोन अंगठ्यांनी टाइप करून ओके पाठवलं. मग कपाळ पुसलं.

“चल,” तो म्हणाला. “दूध तापायच्या आत पोचायचंय. गाडी खाली करू आन् घरी जाऊ. ती सैपाक करती.” ती म्हणजे त्याची बायको, भामाबाई. “तुला बघितल्यावर शिव्या देईल. ऐकून घ्यायच्या.”

“घेतो की,” तात्या म्हणाले.

ते लगबगीनं घरात गेले, धुतलेला शर्ट घालून आले आणि माझ्या हातात कुलूप ठेवलं. “ताई, तुमचं चालू द्या. झालं की कुलूप लावा आन् चावी गिरणीत द्या. मी येतो सांजंपत्तर, न्हाय तर उद्या.” टँकरच्या केबिनमध्ये चढताना त्यांना जरा त्रास झाला. म्हस्कूनं आतून हात दिला. टँकर बारामतीकडे गेला, म्हणजे मी राहते तिकडेच. तुम्ही कशा येणार, असं विचारायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही, आणि का यावं? माझी स्कूटर होती.

दुसरी सीडी तयार होऊन बाहेर आली होती. मी रायटर परत पेटीत बसवला, वायरी लावल्या, सीडी घातली. निळा पडदा आला. अक्षरं पळाली. एफ सहाची ओळ आली आणि गेली, मी काही दाबलं नाही. मग पडद्यावर डिस्क उमटली, दोन्ही भाग, नीट.

“तात्या, दिसली!” मी म्हणाले.

खोलीत कोणी नव्हतं. गिरणी चालू होती.

मी पहिला भाग पुसला, दुसऱ्याला हात लावला नाही आणि विंडोज चढायला लावली. पडद्यावर आलं, अंदाजे एकोणचाळीस मिनिटं. ती नेहमी एकोणचाळीसच म्हणते आणि कधी खरं करत नाही. मी डबा काढला. भिंतीवरच्या पत्रिका वाचत वाचत जेवले. तीस वर्षांतल्या इतक्या लोकांची नावं, विनीत, व्यवस्थापक, आत्या, मामा, मावशी, आणि खाली कोपऱ्यात मुलांची नावं घालून ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत शंभूराजचं नाव कुठं होतं ते मला आठवेना.

तीनच्या सुमारास सगळं झालं. तात्यांचं सॉफ्टवेअर घातलं, त्याची चावी म्हणजे ते मागं खुपसायचं ठोकळ्यासारखं काहीतरी असतं, ती लावली. चालतं का ते बघायला पत्रिकांचा भाग उघडला. वरच फोल्डर होतं, स्वप्नाली. फाइल नोव्हेंबरातली. लग्न ठरल्याची बातमी ऐकली असेल त्याच आठवड्यात त्यांनी ती करून ठेवली होती. तारीख मोकळी, वराचं नाव मोकळं, बाकी सगळं जागच्या जागी. श्री. म्हस्कू. सौ. भामाबाई. आत्या, मामा, सगळे. जोतीराम हे नाव कुठंच नव्हतं. पत्रिका करणाऱ्यानं स्वतःला घातलंच नव्हतं.

मी एक प्रत छापून पाहिली. प्रिंटर चालला. ती टेबलावर ठेवली, वर स्टेपलर ठेवला वाऱ्यानं उडू नये म्हणून. मशीन एकदम झकास झालं होतं आणि आता त्याची कुणाला घाई नव्हती. मी कुलूप लावलं, चावी गिरणीत दिली.

कळस सोडून दोनेक किलोमीटर आल्यावर मी स्कूटर बाजूला घेतली. आजूबाजूला ऊस. माणूस कोणी नाही. का थांबले ते मलाच नीट माहीत नव्हतं. फोन काढला आणि शंभूराजला लावला. पाचव्या रिंगला त्यानं उचलला.

“हां, बोल.”

“दादा,” मी म्हटलं, “गाडी बंद पडलीय माझी. कळसच्या पुढं. इथं कुणी नाहीये.”

मागं कोंबड्यांचा कालवा चालला होता. “पेट्रोल हाय का?”

“आहे.”

“मग प्लग बघ. कचरा आला असंल.”

मी उसाकडे बघत राहिले.

“आन् तुला काय सांगायचं,” तो हसून म्हणाला, “मशिनरीतलं तुला आमच्यापरीस जास्त कळतंय. बघ जरा, हुईल. झाली की कळव.”

“बरं,” मी म्हटलं.

त्याच्या बोलण्यात वाकडं काहीच नव्हतं. सुप्याहून इथवर दीड तासाची वाट, तो येणं शहाणपणाचं नव्हतंच. पण टँकरभर दूध घेऊन म्हस्कूनं वाट वाकडी करणंही शहाणपणाचं नव्हतं. मी थोडा वेळ फोन हातात धरून उभी राहिले. पुन्हा वाजला तर ऐकू यावा म्हणून हेल्मेट घातलं नव्हतं.

मग बटण दाबलं. स्कूटर लगेच सुरू झाली, तिला काही झालंच नव्हतं. बारामतीत पोहोचल्यावर मी त्याला कळवलं, झाली सुरू. त्यानं अंगठा पाठवला.